ओला रुमाल, झाडे आणि वाफ: प्रदूषणावरच्या त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

हवा बिघडली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "एन-९५ मास्क आणि एअर प्युरिफायर हा निव्वळ धंदा आहे. कण मास्कच्या भोकांपेक्षा लहान असतात, ते आरपार जातात. घरात चार झाडे ठेवा, बाहेर पडताना ओला रुमाल बांधा, पहाटेच्या शुद्ध हवेत फिरा, घरी खिडक्या बंद करून ओले टॉवेल टांगा आणि रात्री वाफ घ्या. फुफ्फुसे धुऊन निघतील."

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणून तर लोक तो मनावर घेतात. दमा असलेल्या मुलाच्या खोलीत कुंडी ठेवून आई-वडील निर्धास्त होतात, आणि आमची खरी काळजी आहे ती या निर्धास्तपणाची.

कोणताही उपाय तपासायला एकच मोजमाप पुरते. फुफ्फुसांत किती कण उतरले हे तीन गोष्टींवर ठरते: हवेत कण किती, आपण मिनिटाला हवा किती ओढतो आणि त्या हवेत किती वेळ असतो. यातले काहीच कमी होत नसेल तर तो उपाय नव्हे. कण म्हणजे इथे मुख्यतः पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. मोठी धूळ नाकात आणि घशात अडते. पीएम २.५ चे कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांतल्या शेवटच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीसाठी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांच्या सरासरीसाठी १५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली.

"घरात चार झाडे ठेवा"

या समजुतीचे मूळ १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासात आहे. तो प्रयोग बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता आणि मोजले होते ते बेंझिन, फॉर्मल्डिहाइडसारखे वायू, धूलिकण नव्हेत. राहत्या घरात फटींतून, दारांतून हवा सतत बदलत असते. असे अनेक प्रयोग एकत्र तपासणारा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा हिशेब असा, की ही हवा नुसती खेळती राहिल्याने वायू जितके कमी होतात तितके झाडांनी करायचे तर दर चौरस मीटर जागेत १० ते १,००० झाडे लागतील. झाडे डोळ्यांना बरी वाटतात, जरूर ठेवा. हवा साफ करण्याच्या हिशेबात मात्र त्यांना धरू नका.

"कण मास्कच्या भोकांतून जातात, त्यापेक्षा ओला रुमाल बरा"

मेसेजमधली सर्वांत नुकसान करणारी ओळ हीच, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

मास्कचे फिल्टर चाळणीसारखे काम करत नाही. त्यात बारीक तंतूंचे जाळे असते आणि तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मोठे कण हवेबरोबर वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. अगदी लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भरकटतात, त्यामुळे तेही तंतूला चिकटतात. पकडायला सर्वांत अवघड कण मधल्या आकाराचा, सुमारे ०.३ मायक्रोमीटरचा. म्हणून चाचणी त्याच आकाराच्या आसपास घेतात आणि तिथे किमान ९५ टक्के कण अडले तरच एन-९५ हे नाव मिळते. युरोपच्या एफएफपी-२ दर्जाच्या मास्कसाठी ही अट ९४ टक्के आहे. ०.३ मायक्रोमीटरहून बरेच लहान कण जास्त सहज अडतात, कमी नव्हे.

रुमालाला हा विद्युतभार नसतो आणि विणीतल्या फटी मोठ्या असतात. ओला केला की धाग्यांमधल्या जागा पाण्याने भरतात, श्वास जड होतो, आणि हवा सोपी वाट शोधते: गालांच्या बाजूने, नाकाच्या कडेने. बांधणाऱ्याला गारवा जाणवतो, त्यामुळे हवा गाळली जातेय असे वाटते. प्रत्यक्षात बरीचशी हवा न गाळताच आत येते. सैल सर्जिकल मास्कचीही गत हीच. त्याचे कापड चांगले असते, कडा उघड्या असतात.

मास्क बसवण्यात बहुतेकांचे चुकते ते असे. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली की तिला टोकदार घडी पडते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची दोन-दोन बोटे पट्टीच्या मध्यावर ठेवा आणि नाकाच्या आकाराप्रमाणे बाहेरच्या बाजूला दाबत न्या. दोन पट्टे असतील तर वरचा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा कानाखालून मानेवर घ्या. दोन्ही मानेवर ओढले तर मास्क नीट बसत नाही. मग तळवे मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला, चष्म्यावर वाफ धरली किंवा गालाला झुळूक जाणवली तर तो बसलेला नाही. कानात अडकवायच्या मास्कची पकड बहुधा ढिली असते. दोन्ही दोऱ्या डोक्यामागे हुकाने जोडल्या की सुधारते. दाढी असेल तर केसांमधून हवा जातेच.

मास्क धुवू नका. सॅनिटायझर तर मुळीच मारू नका, अल्कोहोलने विद्युतभार जातो आणि मास्क वरून नवा दिसत असूनही आतून निकामी होतो. वापरून झाला की कागदी पिशवीत सुकू द्या. पट्टे सैल पडले, आतली बाजू मळली किंवा श्वास ओढायला जोर लागू लागला की बदला. झडप असलेला मास्क प्रदूषणासाठी चालतो. मोठ्यांचा मास्क मुलाच्या चेहऱ्यावर बसत नाही, त्याला मुलांच्या मापाचाच हवा. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा गंभीर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक मर्यादा सांगायलाच हवी: एन-९५ कण अडवतो, वायू नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन त्यातून येतात. म्हणून मास्क घालूनही हमरस्त्याच्या कडेने चालण्यापेक्षा एक गल्ली आतून जाणे चांगले. वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण रस्त्यापासून पहिल्या दीडशे-दोनशे मीटरमध्येच झपाट्याने कमी होतात.

"पहाटेची हवा शुद्ध असते"

थंडीत आणि वारा पडलेला असताना नेमके उलटे घडते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. धूर आणि धूळ त्या झाकणाखाली जमिनीजवळ साठत जातात. सकाळच्या वाहनांची भर त्यातच पडते. ऊन चढले की जमीन तापते, हवा वर-खाली मिसळते आणि कण पसरतात. म्हणून अशा दिवसांत उशिरा सकाळी किंवा दुपारी फिरलेले बरे. कडक उन्हाळ्यात मात्र दुपारनंतर ओझोन वाढतो, तेव्हा सकाळच बरी. ठरलेल्या वेळेला चिकटून राहण्यापेक्षा जवळच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा ताशी आकडा पाहा. अनेक ठिकाणी दाखवला जाणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीचा असतो. तो या क्षणाची हवा सांगत नाही.

व्यायामाचा हिशेबही मांडून पाहा. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरात धावणारा ६० लिटरच्या पुढे जातो. म्हणजे त्याच हवेत तासभर धावणे हे कणांच्या दृष्टीने सुमारे आठ तास बसून राहण्याइतके झाले. शिवाय धावताना तोंडाने श्वास घेतला जातो आणि नाकाची गाळणी वगळली जाते. व्यायाम सोडू नका. वाईट दिवशी तो घरात करा किंवा धावण्याऐवजी चाला.

"खिडक्या बंद करा, ओले टॉवेल टांगा"

खिडक्या बंद करण्यात अर्धे तथ्य आहे. बाहेर हवा फार वाईट असताना बंद ठेवाव्यात, पण फटींतून कण येतच राहतात आणि आत तयार होणारा धूर आतच कोंडतो. तळण-परतण, अगरबत्ती, मेणबत्ती, डासांची कॉइल आणि सिगारेट यांनी बंद खोली काही मिनिटांत रस्त्याहून वाईट होऊ शकते. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. चिमणी हवा बाहेर फेकणारी हवी. फिरवून परत खोलीत सोडणारी नको. शेगडी पेटवण्याआधी ती सुरू करा, स्वयंपाकानंतर १०-१५ मिनिटे चालू ठेवा आणि जमेल तेव्हा मागचा बर्नर वापरा, कारण तिथला धूर चिमणीत नीट ओढला जातो. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. दिवसातला सर्वांत कमी ताशी आकडा पाहून १०-१५ मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

टांगलेल्या टॉवेलला फक्त त्याला येऊन भिडलेली धूळ चिकटते. खोलीतली हवा त्यातून ओढली जात नाही. ध्वनिलहरींवर चालणारा ह्यूमिडिफायर तर नळाचे पाणी भरल्यास त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपाने हवेत सोडतो. कणमापक लगेच वर चढतो.

खोलीतले कण खरोखर कमी करतो तो हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) फिल्टर आणि त्यातून पुरेशी हवा ढकलणारा पंखा. माप असे काढा: ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर ३६ गुणिले ५, म्हणजे ताशी १८० घनमीटर. खोक्यावर छापलेला सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा, कमाल वेगाचा असतो आणि रात्री आवाज नको म्हणून यंत्र हळू चालवले जाते. म्हणून या खोलीसाठी ३०० च्या पुढचे घ्या. हवेत आयन (विद्युतभारित कण) किंवा ओझोन सोडणारे यंत्र टाळा, कारण ओझोन स्वतःच फुफ्फुसांना जाळतो.

यंत्र भिंतीला टेकवू नका, चहूबाजूंनी हातभर जागा सोडा, दार लावून घ्या. नवे यंत्र उघडून पाहाच: फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी तशीच राहून महिनोन्‌महिने पंखा नुसता फिरत असल्याचे प्रकार सर्रास घडतात. बाहेरची जाळी धुता येते, हेपा धुऊ नका. पुरेशा मापाच्या यंत्राने खिडक्या बंद असताना कणांची पातळी सुमारे १० मिनिटांत निम्म्यावर यायला हवी. अर्ध्या तासातही फरक पडला नाही तर यंत्र लहान आहे, फिल्टर संपलाय किंवा कुठेतरी खिडकी उघडी आहे.

खर्चाची तक्रार मात्र रास्त आहे. तिला २०२० मध्ये पुढे आलेली कॉर्सी-रोझेन्थल पेटी, म्हणजे घरी जोडायचा स्वस्त प्युरिफायर, हे चांगले उत्तर आहे: मर्व्ह-१३ दर्जाचे (मर्व्ह हे फिल्टरच्या क्षमतेचे माप) चार चौकोनी फिल्टर उभे करून चिकटपट्टीने पेटी करायची, खाली पुठ्ठा, वर २० इंची चौकोनी पंखा हवा वर फेकेल असा. फिल्टरवरचे बाण आतल्या बाजूला हवेत. पंख्याचे चारही कोपरे पुठ्ठ्याने झाकायला विसरू नका, नाहीतर तिथून हवा उलटी आत शिरते.

"रोज वाफ घेतली की फुफ्फुसे धुतली जातात"

वाफेने चोंदलेले नाक मोकळे होते, घशाला आराम पडतो. काम तिथेच संपते. वायुकोशांत बसलेल्या कणांना पेशी गिळतात, काही कण तिथेच राहतात. बाहेरून घेतलेल्या वाफेचे पाणी त्यांना धुऊन आणत नाही. उकळत्या पाण्याचे भांडे कलंडून मुले भाजतात, हा धोका वेगळाच.

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांनी वाफेवर विसंबून रोजचा इनहेलर थांबवू नये. वाईट हवेच्या दिवसांत तो खिशात हवाच. बोलताना धापेमुळे वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल किंवा नेहमीच्या इनहेलरने आराम पडत नसेल तर घरी आणखी काही करून पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.