दीर्घकालीन व्याजदर मध्यवर्ती बँक ठरवत नाही

"1980नंतर जगभर व्याजदर घसरले, कारण मध्यवर्ती बँकांनी नोटा छापून पैसा स्वस्त केला. त्यांनी मनात आणलं तर जुने दर उद्या परत येतील." असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. व्याजावर म्हातारपण काढणाऱ्यांना तो पटतो आणि त्यांची चिडही रास्त आहे. पण दिलेलं कारण चुकीचं आहे.

आधी 'पैसा स्वस्त केला', म्हणजे दर दाबला, हा मुद्दा घेऊ. अल्पमुदतीचा दर मध्यवर्ती बँकच ठरवते, यात वाद नाही. पण बचत आणि गुंतवणूक यांचा मेळ बसतो तो नैसर्गिक दर वेगळा असतो, हे स्वीडनचे अर्थतज्ज्ञ क्नुट विक्सेल यांनी 1898मध्येच मांडलं. बँकेचा दर त्याच्या खाली रेटला की महागाई चढत जाते. तुर्कस्तानने 2021च्या अखेरीस दर 19वरून 14 टक्क्यांवर आणला. ऑक्टोबर 2022मध्ये महागाई 85 टक्क्यांच्या वर गेली. याउलट जपानमध्ये 1999पासून दर शून्याच्या आसपास असूनही दोन दशकं महागाई जेमतेम हलली. तो दर जबरदस्तीने दाबलेला असता तर भाव भडकायला हवे होते.

'नोटा छापल्या म्हणून' या दाव्याला तर तारखाच उत्तर देतात. जून 2004 ते जून 2006 या काळात अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, दर 1वरून 5.25 टक्क्यांवर नेला. तरीही पहिल्या वर्षात 10 वर्षांच्या सरकारी रोख्यांचा दर वाढण्याऐवजी उतरला. फेब्रुवारी 2005मध्ये फेडचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी अमेरिकी संसदेपुढे हे कोडं असल्याचं सांगितलं. महागाईशी जोडलेल्या 10 वर्षांच्या रोख्यांचा परतावा, म्हणजे महागाई वगळून मिळणारं व्याज, 2000च्या सुरुवातीला 4 टक्क्यांच्या वर होता, तो 2005मध्ये 2 टक्क्यांच्या आसपास आला. ज्याला 'नोटा छापणं' म्हणतात ती फेडची मोठी रोखेखरेदी सुरू झाली ती 2008च्या अखेरीस! तिने पुढच्या घसरणीला हातभार लावला, हे मान्य. पण घसरण तिच्या आधीची आहे.

मग दर उतरला कशाने? आयुष्य लांबलं, तशी निवृत्तीसाठीची बचत वाढली. चीनची बचत 2008च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्यावर पोचली आणि तिचा मोठा भाग अमेरिकी रोख्यांत गेला. उत्पन्न श्रीमंतांकडे सरकलं, आणि ते कमाईचा मोठा वाटा शिल्लक टाकतात. दुसरीकडे कामकरी लोकसंख्येची आणि उत्पादकतेची वाढ मंदावली, यंत्रं स्वस्त झाली, म्हणून गुंतवणुकीला भांडवल कमी लागू लागलं. पैसे देणारे वाढले, मागणारे घटले.

'मनात आणलं तर' हेही स्वीडनने करून पाहिलंय. 2010-11मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने दर 0.25वरून 2 टक्क्यांवर नेला. महागाई शून्याजवळ आली आणि 2015मध्ये दर शून्याखाली न्यावा लागला.

नैसर्गिक दर मोजपट्टीने मोजता येत नाही, अंदाजावर काढावा लागतो, आणि अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत. तो कायम खाली राहील असंही नाही. सरकारांची कर्जं वाढली, नव्या तंत्रज्ञानासाठी भांडवलाची मागणी वाढली किंवा निवृत्तांनी साठवलेलं मोडून खायला सुरुवात केली, तर तो वर सरकेल आणि मध्यवर्ती बँकांना त्याच्या मागून जावं लागेल.