रिपोर्ट, आभा नंबर आणि शनिवारचा मेसेज: दवाखान्याकडून उत्तर

ताई, नमस्कार.

एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी केल्यात. आईंचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर दिला नाही, ‘आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) काढल्याशिवाय फाइल होणार नाही’ असं काउंटरवर सांगितलं, आणि शनिवारी संध्याकाळी ॲपवर टाकलेल्या मेसेजला सोमवारी दुपारी उत्तर आलं.

शेवटची आधी घेतो, कारण त्यात चूक सरळ आमची आहे. तुम्ही काय विचारलं होतं ते इथं लिहीत नाही, तो चारचौघांत बोलायचा विषय नाही. पण प्रश्न सोमवारपर्यंत थांबण्यासारखा नव्हता. ॲपनं ‘मेसेज पोहोचला’ एवढंच दाखवलं, रविवारी ते कुणी बघत नाही हे सांगितलंच नाही. आता दवाखाना बंद झाल्यावर मेसेज आला की लगेच मराठीत उत्तर जातं: घाई असेल तर फोन करा. पूर्व भागातले तेलुगू बोलणारे पेशंट बरेच, म्हणून तेलुगूतही करतोय.

आभाची सक्ती नाही. २०२१ साली योजना देशभर सुरू झाली तेव्हापासून ती ऐच्छिकच आहे. काउंटरवरचं ते वाक्य चुकीचं होतं आणि संबंधितांना तसं सांगितलंय. १४ आकडी नंबर काढला तर वेगवेगळ्या दवाखान्यांतले कागद एकत्र बघता येतात, तेही तुम्ही परवानगी दिली तरच, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. (पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड ते वेगळं. रोज दहा जण यात गोंधळतात.) अडचण मलाही दिसते. नंबर काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, आणि तो मोबाइल मुलाच्या खिशात, मुलगा लूमवर पाळीला. मग अंगठा लावू म्हणावं, तर विड्या वळून ठसे झिजलेले. परवा एक मावशी पदरानं अंगठा पुसून पुसून तीनदा लावत होत्या, मशीन काही घेईना. शेवटी कागदाचीच फाइल केली.

व्हॉट्सॲपचं मात्र मागं घेणार नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या (दुरून सल्ला देण्याच्या) नियमांत व्हॉट्सॲपवर सल्ला द्यायला मनाई नाही, त्यामुळं ‘नियमच तसा आहे’ असं मी म्हणत नाही. हा आमचा निर्णय आहे. गेल्या वर्षी आमच्याच काउंटरवरून एकाचा रिपोर्ट त्याच आडनावाच्या, त्याच गल्लीतल्या दुसऱ्याला गेला. तो घरच्या ग्रुपवर फिरला. ज्यांचा होता ते परत आले नाहीत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

आईंचा रिपोर्ट छापून बंद पाकिटात काउंटरवर ठेवलाय. आभा नको, ॲप नको. येताना फक्त बिलाची पावती आणा. रात्री आठपर्यंत कुणीतरी असतं.