‘एचटीटीपीएस आहे, बिनधास्त पैसे भरा’ म्हणे!

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीपासून राजारामपुरीपर्यंत व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “साइटच्या पत्त्यात सुरुवातीला एचटीटीपीएस (https) असेल तर साइट शंभर टक्के खरी. व्हीपीएन लावा, कुणालाच काही दिसत नाही. वायफायला डब्ल्यूपीए२ असेल तर काळजी नको. आणि ओटीपी आहे तोवर खात्यातले पैसे जात नाहीत.” चारही दावे कच्चे आहेत.

पहिला सगळ्यात घातक. एचटीटीपीएस असलं की ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मजकूर टीएलएस या पद्धतीने कूटबद्ध होतो, वाटेत कुणाला वाचता येत नाही. सर्व्हर कुणाचा, हा प्रश्न उरतोच. एचटीटीपीएससाठी लागणारं साधं प्रमाणपत्र डोमेन, म्हणजे साइटचं नाव, ज्याच्या ताब्यात त्याला मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तर ते फुकट देते, भामट्यालाही. किटलीचं झाकण घट्ट आहे म्हणून दुधात पाणी नाही, असं कोल्हापुरात तरी कुणी मानत नाही! लोकांचा हाच गैरसमज बघून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह बदललं.

त्यापेक्षा पत्ता नीट वाचा. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे खोली शोधतात आणि समोर ‘भक्तनिवास डॉट रूम-ऑफर डॉट कॉम’ येतं. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरप्या रेषेआधी डॉट कॉम गाठा, त्याला डावीकडून चिकटलेलं नाव बघा. इथं मालक ‘रूम-ऑफर’वाला. त्याच्या डावीकडचं ‘भक्तनिवास’ त्यानं स्वतःच लावलेलं.

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा. ती लावली की इंटरनेट कंपनीला जे दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं, एवढाच फरक. त्यातून जीमेल उघडलंत तर गूगलला तुम्ही कोण हे कळणारच. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं.

डब्ल्यूपीए२ हे वायफायचं संरक्षण फोन ते राउटर एवढ्यापुरतंच. गल्ल्यामागे भिंतीवर पासवर्ड चिकटवला असेल, तर तो वाचलेलं जाणकार गिऱ्हाईक फोन जोडला जातानाचा संवाद टिपून दुसऱ्याची वायफायवरची देवाणघेवाण उलगडू शकतं. पुढच्या आवृत्तीने, डब्ल्यूपीए३ने, ही फट बुजवली. राउटरमध्ये पर्याय असेल तर तोच निवडा.

आता ओटीपी. बनावट पानावर तुम्ही टाकलेला आकडा समोरचा त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर टाकतो. बँकेच्या यंत्राला आकडा बरोबर दिसतो, व्यवहार होऊन जातो. यूपीआयवर तर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. “पैसे पाठवतोय, पिन टाका” म्हणणाऱ्याचा फोन तिथंच ठेवा. आणि पैसे गेलेच तर ग्रुपवर विचारत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते ती लवकर कळवलं तरच.