कमोडची ती दोन भोकं काय शोभेला आहेत?

जमिनीवर बसणाऱ्या कमोडच्या बुडाशी डाव्या-उजव्या बाजूला भोकं असतात. ती मुंग्यांच्या येण्याजाण्यासाठी नाहीत! स्क्रू मारून कमोड फरशीला आवळायचा, म्हणून आहेत. खोक्यात बहुतेक वेळा स्क्रू आणि भोकात ठोकायच्या प्लॅस्टिकच्या प्लगची पुडीही येते. आमच्याकडची पुडी प्लंबरने कुठे नेली देव जाणे, पण कमोडला एकही स्क्रू नाही. तो बसवला नुसत्या पांढऱ्या सिमेंटवर. आता डुलतो.

आई पंच्याहत्तरीची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. उठताना एका बाजूला भार पडला की खालून कर्रर्र आवाज येतो. आता ती बेसिन धरून उठते. बेसिन तरी कशाच्या जोरावर टांगलंय, ते बघायची माझी हिंमत नाही.

प्लंबरला विचारलं तर म्हणे, "काय होत नाय ताई, सगळीकडं असंच बसवतो." सगळीकडे! म्हणजे आख्ख्या शहराला हा डुलवणार. मग कारणं सुरू. ड्रिल मारला तर टाइल फुटेल. अरे, टाइलचा बिट मिळतो ना हार्डवेअरच्या दुकानात? वरचा थर कापेपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवायचे, एवढंच तर आहे. मग दुसरं कारण, वॉटरप्रूफिंग जाईल. संकन स्लॅब, म्हणजे संडासाखाली मुद्दाम खोलगट ठेवलेला स्लॅब, असेल तर मूळ वॉटरप्रूफिंग खाली स्लॅबवर असतं, त्यावर वीतभर तरी भराव. दोन-अडीच इंचाचा स्क्रू तिथवर पोचतो कसा? आणि टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराची एवढी काळजी असेल तर भोकात आधी सिलिकॉन भर, मग प्लग ठोक. पण त्यासाठी गुडघे टेकून अर्धा तास खपावं लागतं. सिमेंट काय, कालवलं, थापलं, बोटाने फिरवलं, पैसे घेतले.

पांढरं सिमेंट ठिसूळ असतं हो! माणूस बसणार, उठणार, एका कुशीवर कलणार. जरा हललं की त्याला केसाएवढी चीर जाते, मग भुगा. इथवर नुसता आवाजाचा त्रास. खरी बोंब पुढे आहे. कमोड हलला की मागचा पाइपाचा सांधा हलतो, सांधा हलला की प्रत्येक फ्लशला थोडं थोडं पाणी टाइलखाली. आपल्याला वर काही दिसत नाही. दिसतं खालच्या काकूंना, त्यांच्या छतावर. मग सोसायटीचं पत्र, आणि पत्रातला सूर असा की आम्ही मुद्दाम वरून ओततोय. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, आपल्या संडासातली गळती आपल्याच खर्चाने दुरुस्त करायची. प्लंबर यात कुठेच नाही. त्याचा फोनही लागत नाही.

आणि कमोडभोवतीची फट चारी बाजूंनी लिंपणाऱ्याला तर कोपरापासून नमस्कार. मागे बोटभर जागा मोकळी सोडली असती तर सांधा गळताच पाणी आमच्याच फरशीवर आलं असतं, काकूंच्या आधी आम्हाला कळलं असतं. पण नाही, दिसायला छान हवं!

दुरुस्तीला आलेल्या महाशयांनी काय करावं? चिरेवर सिमेंटचा आणखी एक लेप! वर हात झटकून, "आता हालत नाय बघा." सिमेंट ओलं होतं, मेल्या, तू हलवतोस कशाला? आठवड्याच्या आत पुन्हा तेच. कमोड काढून नीट बसवा म्हटलं तर, "काढताना फुटला तर आमची जबाबदारी नाय." म्हणजे चिकटवताना धड चिकटत नाही आणि काढताना सुटत नाही. फुटला तर नवीन कमोडही आमच्याच खिशातून, आणि तो घेताना फरशीतला मैल्याचा पाइप भिंतीपासून नऊ इंचावर आहे की बारा, हेही आम्हीच मोजायचं. ह्यांची टेप म्हणे गाडीत राहते.

स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्लॅस्टिकचे वॉशर आणि सिलिकॉनची ट्यूब मी आणून ठेवलीय. लोखंडी स्क्रू नकोत, संडासात गंजून त्यांचं वाटोळं होतं. आवळतानाही बेताने, जोर काढलात तर चिनीमातीला तडा जाईल आणि मग माझ्याशी गाठ आहे. आता जो कोणी येईल त्याने ड्रिल घेऊन यावं. सिमेंटची पिशवी बाहेर, चपलांशेजारी ठेवायची.