असेम्बल आम्ही करतो, काका

आज संध्याकाळी कॉलेज रोडच्या एका कॅफेत मला बर्गरसोबत प्लास्टिकचे काळे हातमोजे दिले. हातमोजे! टिश्यूच्या शेजारी, छोट्या पाकिटात घडी घालून. सर्व्ह करणाऱ्या मुलाला विचारलं, "हे कशाला रे?" तर म्हणे, "मॅडम, आपण वरून चीज सॉस ओततो ना, हात खराब होतात." म्हणजे हात खराब व्हायची सोय तुम्हीच करायची, त्यावरचा उपायही तुम्हीच द्यायचा आणि दोन्हीचे पैसे मी भरायचे. ३४९ रुपये. वर बिलात सर्व्हिस चार्ज. तो सक्तीने लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगून ठेवलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तेच उचलून धरलंय. काढा म्हटल्यावर एका मिनिटात काढला, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. असो, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

बर्गर इतका उंच, की मधोमध लाकडी काडी खुपसलेली. काडी काढली की वरचा बन एकीकडे, पॅटी दुसरीकडे. शेजारच्या टेबलावर एका मुलीने त्यात सुरी उभी घातली, मैत्रिणीने व्हिडिओ काढला, चीज ओघळलं, सगळ्या खूश. त्यानंतर तो बर्गर बराच वेळ तसाच पडून होता. कुणी खाल्लाच नाही. गार झालेल्या चीज सॉसवर साय धरते, कधी पाहिलीय का तुम्ही? मी आज पाहिली.

तर झालं असं, की सुट्टी लागल्यापासून मी आणि आमचे चिरंजीव (आठवीत गेलेत, भूक मात्र कॉलेजची) नाशिकमधले बर्गर खात फिरतोय. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, आणि घराजवळ म्हणून नाशिकरोड. बहुतेक जागा छोट्याच, आठ-दहा टेबलांच्या. त्याने मार्क द्यायला एक वही केली होती, पण ती गणिताची निघाली म्हणून ते बंद केलं.

या फिरण्यात एकदा अप्पांनाही नेलं. अप्पा म्हणजे माझे वडील. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. छापून आलेले कागद तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे समोर आलेली कुठलीही वस्तू आधी उलटी करून बघायची, ही सवय अजून सुटलेली नाही. गंगापूर रोडच्या त्या ठिकाणी बर्गर आला तर अप्पांनी तो खाल्ला नाही, उघडला. वरचा बन बाजूला. लेट्यूस बाजूला. टोमॅटो, कांदा, चीजची स्लाइस, पॅटी, सगळं टिश्यूवर ओळीने मांडलं. मी म्हटलं, अप्पा, लोक बघताहेत. त्यांनी त्या मुलाला बोलावलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "बाळा, यातलं तुम्ही इथे काय बनवलंत?"

पोरगं प्रामाणिक होतं. म्हणालं, बन बेकरीतून येतो. पॅटी फ्रोझन येते, आपण तळतो. सॉस पाउचमधून. चीज पाकिटातून. फ्राइज पण फ्रोझन. मग जरा थांबून म्हणालं, "असेम्बल आम्ही करतो, काका."

अप्पा हसले नाहीत. "बरं बरं" म्हणाले, कांदा तेवढा खाल्ला आणि घरी येऊन पिठलं-भात मागितला.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी मनातल्या मनात तोच प्रश्न विचारते, आणि बहुतेक ठिकाणी उत्तरही तेच मिळतं. फ्रोझन पॅटी ओळखायला काही लागत नाही. कंपासने काढल्यासारखी गोल, कडा सगळीकडून सारखी, रंग एकसारखा फिका सोनेरी, आणि चावलं की आत स्पंज. चिकनची असली तर बहुतेकदा छातीच्या मांसाची, त्यात चरबी जेमतेम, त्यामुळे कोरडी. तो कोरडेपणा लपवायला मेयो. बिनअंड्याचा मेयो, गोडसर. कुठे त्याला तंदुरी म्हणतात, कुठे पेरी पेरी, कुठे 'हाउस स्पेशल'. हाउस कुणाचं ते पाउचवर छापलेलं असतं.

आणि आपण हे गप्प खातो. आपण, नाशिककर! मिसळीची शेव मऊ पडली तर प्लेट परत पाठवणारी माणसं आपण. काळ्या रश्श्याची चांगली की लाल, यावरून चुलत भावाशी दोन-दोन दिवस अबोला धरणारे. मटकीला मोड नीट नाहीत हे बाहेरच्या पाटीकडे बघूनच सांगणारे. ओला झालेला बन मात्र इंग्रजी मेनूकार्ड बघून निमूट गिळायचा. का? गार पाव चाललाय का कधी आपल्याला? बन कापलेल्या बाजूने तव्यावर लोण्यात शेकायला किती वेळ लागतो? शेकला की त्यावर एक कडक थर धरतो आणि आतला रस पावात मुरत नाही. एवढंच शास्त्र आहे. तेवढंही करायचं नसेल तर मेनूत 'ब्रिओश' कशाला लिहिता? ब्रिओश हा फ्रेंच पाव, त्यात अंडी आणि लोणी सढळ हाताने असतं. तुमच्या बनमध्ये पिवळा रंग आणि साखर आहे. जीभ आहे आम्हाला.

टोमॅटोचं तर बोलूच नका. पिंपळगाव बसवंत आपल्या जिल्ह्यात. लासलगाव आपल्या जिल्ह्यात. देशभर कांद्याचा भाव वर-खाली झाला की बातमीत आपलं गाव असतं. आणि कॉलेज रोडच्या बर्गरमध्ये टोमॅटोची चकती पांढरट, फ्रिजमधून थेट आलेली, दाताला थंड लागणारी. कांदा जाड, उग्र, एका चाव्यात अख्खी चकती सुटून हातात येणारी. अरे, साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा घ्या, पातळ कापा, दहा मिनिटं गार पाण्यात टाका. कुठून मागवायचाही नाही.

(नवरा मागून वाचतोय आणि म्हणतोय, एवढा राग बर्गरवर? हो. बर्गरवर.)

बरं, असेम्बलचा शोध काही गंगापूर रोडला लागलेला नाही, हेही खरं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चांगलं चालतं हॉटेल बंद करून नव्याने मांडलं. मेनू छाटला, काटे-चमचे काढले, ताटल्या काढल्या, हॅम्बर्गर कागदात गुंडाळून हातात द्यायला लागले. प्रत्येक माणसाला एकच काम. पण त्यांनी त्याचे १५ सेंट घेतले हो! स्वस्त, झटपट, एका हातात मावणारं खाणं, हा त्या सगळ्या खटाटोपाचा मुद्दा होता. आपण पद्धत त्यांची घेतली, भाव पंचतारांकित लावला आणि एका हाताचं खाणं दोन हातमोज्यांचं केलं.

तीच कंपनी १९९६ मध्ये दिल्लीत आली तेव्हा तिने गाय आणि डुक्कर दोन्ही बाजूला ठेवलं आणि पुढे बटाट्याच्या टिक्कीवर देशभर बस्तान बसवलं. तेव्हा "खरा बर्गर बीफचाच" असं मला कमेंटमध्ये सांगायला येऊ नका. मला माहीत आहे. आपल्याकडे तो विषयच नाही, आणि माझं भांडण प्राण्याशी नाही. बटाट्याचा करा, पण तुम्ही करा. मोठ्या चेनचा बर्गर नाशिकला खा नाहीतर नागपूरला, सारखा लागतो, एवढं त्यांना द्यावं लागेल. आपल्या कॅफेवाल्यांचा तर सोमवारचा आणि गुरुवारचासुद्धा सारखा लागत नाही.

गुरुवारवरून आठवलं. आमच्याकडे गुरुवारी नॉनव्हेज नाही, त्यामुळे व्हेज बर्गरची परीक्षा गुरुवारी. त्यात पहिला आला नाशिकरोडचा एक गाडा. साठ रुपये. मुलगा असेल पंचविशीचा. बटाटा स्वतः उकडतो, वाटाणा, आलं-मिरची, थोडं भाजलेलं जिरं. टिक्की हाताने थापतो, त्यामुळे कडा वाकड्यातिकड्या आणि त्या वाकड्या कडाच कुरकुरीत होतात. बन लोण्यात शेकतो. मेयो त्याचाही पाउचचाच, पण हात आखडता. कधीकधी मीठ जास्त पडतं. तेल रोज बदलत असेल अशी माझी खात्री नाही. तरी चिरंजीवांनी दोन खाल्ले. तिथे उभी राहून मी पुन्हा अप्पांचा प्रश्न आठवला, यातलं इथे काय बनवलं? सगळ्यात महत्त्वाचं ते बनवलं होतं. बस, एवढंच हवंय मला. बाकीचं आणा विकत, कोण नाही म्हणतंय?

आता पाथर्डी फाटा. हे लिहिताना माझा राग जरा उतरलाय, कारण तो मटण बर्गर आठवतोय.

नवरा-बायको दोघं चालवतात. सहा टेबलं, भिंतीवर काहीही इंग्रजी सुविचार नाहीत. गाणी भयंकर आणि मोठ्याने, ते सोसावं लागतं. खिमा ओळखीच्या खाटकाकडून येतो, चरबीसकट दोनदा काढलेला. ताई स्वतः तव्यावर होत्या म्हणून विचारलं, तर हात न थांबवता सगळं सांगितलं. मीठ आधी घालून खिमा मळायचा नाही. मळला की तो चिकट होतो आणि पॅटी रबरासारखी लागते. मीठ शेवटी, वरून, तव्यावर टाकताना. चरबी साधारण पाचवा हिस्सा हवीच, नाहीतर भुगा. तवा धूर निघेपर्यंत तापवायचा, खिम्याचा गोळा टाकायचा आणि लगेच उलथन्याने जोर देऊन दाबायचा. नंतर परत दाबायचा नाही, रस निघून जातो. दाबलेल्या बाजूला तो गडद तपकिरी, जाळीदार थर येतो ना, सगळी चव तिथे. चीजची एकच स्लाइस, तव्यावर असतानाच टाकलेली. बन, कांदा, लोणच्याची काकडी. संपलं. काडी नाही, सुरी नाही. कागदात गुंडाळून हातात. २२० रुपये.

आमच्या वहिनींना तो आवडला नाही. त्यांचं म्हणणं, खिम्यात आलं-लसूण, कोथिंबीर, डाळीचं पीठ हवं. म्हणजे त्यांना पावात शामी कबाब हवा होता. तोही मला चालतो, उलट आवडतो. इंदिरानगरला एक जण अगदी तसाच करतो आणि छान करतो. पण तो कबाबच्या नावाने विकला तर अजून चालेल, असं माझं मत.

अप्पांना मी पाथर्डी फाट्याला नेलं नाही. मटण त्यांनी सोडलंय. पार्सल आणलं तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे कागद सोडला, वरचा बन उचलला, पॅटीचा तो काळपट थर उजेडाकडे करून बघितला आणि म्हणाले, "हे कुणीतरी केलंय." आणि झाकून नातवाला दिलं. ते ऐकून मला उगीचच भरून आलं. आयुष्यात कुणी माझ्या स्वयंपाकाबद्दल एवढं बोललेलं नाही, स्वतः अप्पांनीसुद्धा!

आता कुणीतरी लिहिणार, की ताई, भाडं किती आहे माहीत आहे का गंगापूर रोडला, कारागीर टिकत नाहीत, ताजा खिमा रोज उरला तर फेकायचा कोणी. मान्य. फ्रोझन पॅटी उरली तर परत फ्रीजरमध्ये जाते, हिशेब कळतो मला. मग १२० रुपयांना विका. मी कौतुकाने खाईन. ३४९ रुपयांत मला दिवे, निऑन पाटी, झोपाळा आणि हातमोजे विकू नका. "पोरांना आवडतं" हे तर मला सांगूच नका. पोरांना पेप्सीकोलाही आवडायचा, आपण त्याला रेस्टॉरंट म्हणत नव्हतो.

आणि रील करणाऱ्यांनो, तुमच्याशीही बोलायचंय. 'नाशिकमधला बेस्ट बर्गर' म्हणून जे दाखवता, त्यात एकदा तरी चावून, गिळून, मग बोला. सुरी घातली, चीज ओढलं, डोळे मोठे केले, व्हिडिओ संपला. चवीचा एक शब्द नाही. पॅटी कोरडी होती की ओली? बन शेकलेला होता का? सांगा ना. सगळं सारखंच 'जबरदस्त' कसं असतं तुम्हाला?

त्र्यंबक रोडला एक नवीन ठिकाण उघडलंय म्हणे, पुढच्या रविवारी तिकडे जायचा बेत आहे. सिंहस्थाच्या कामांनी रस्ता किती खणून ठेवलाय देव जाणे. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा, दोन गाड्या होतील. आणि पाथर्डी फाट्याच्या त्या मटण बर्गरचा पत्ता इथे कमेंटमध्ये विचारू नका, मी देणार नाही. इनबॉक्समध्ये या. सहा टेबलं आहेत तिथे, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना मी ओळखते, तुम्ही कॅमेरा घेऊन जाल.