फिनलंड परदेशी स्वयंसेवकांनी वाचवला?

पांढऱ्या झग्यातले, स्कीवर उभे असलेले सैनिक आणि खाली मजकूर: ‘१९३९ च्या हिवाळी युद्धात जगभरातून धावून आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी उणे ४० अंशांत रशियन फौजा गाडल्या आणि फिनलंड वाचवला.’ ही पोस्ट बरीच फिरते. भावना चांगली आहे, पण हिशेब चुकलाय.

‘हजारो’ हा शब्द बरोबर. साधारण बारा हजार लोक आले असावेत. पण त्यातले आठ हजारांवर एकट्या स्वीडनचे. उरलेल्यांत डेन्मार्क, नॉर्वे, हंगेरी आणि अमेरिकेत स्थायिक झालेले फिन. म्हणजे ‘जगभरातून’पेक्षा ‘शेजारून’ म्हणणं जास्त खरं.

‘फौजा गाडल्या’ इथे मात्र तारखा बघाव्या लागतात. सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला तेव्हाचं हे युद्ध ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४०, एकूण १०५ दिवसांचं. ज्या लढाईमुळे हे युद्ध लोकांच्या लक्षात राहिलं, ती पूर्व फिनलंडमधली सुओमुसाल्मी आणि राते रस्त्याची लढाई जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच संपली होती. तिथे फिनिश सेनानी सीलास्वुओच्या हाताखाली लढले ते फिनच. जंगलातून जाणारा एकच अरुंद रस्ता, त्यावर अडकलेली सोव्हिएत ४४ वी डिव्हिजन, दोन्ही बाजूंना स्कीशिवाय चालता येणार नाही इतका बर्फ. फिनांनी रांगेचे तुकडे पाडले आणि फिरती स्वयंपाकघरं टिपली. त्या थंडीत गरम जेवण बंद झालं की माणूस किती दिवस टिकणार? स्वीडिश तुकडी तेव्हा मोर्चावर पोचलीही नव्हती. तिने उत्तरेकडे साल्ला भागातला मार्कायार्वीचा मोर्चा हातात घेतला तो फेब्रुवारीअखेर.

हंगेरियन तर त्याहून उशिरा. जर्मनीने वाट नाकारली, म्हणून बिचारे इटली, फ्रान्स, ब्रिटन असा वळसा घालून आले. फिनलंडमधल्या लापुआ गावात प्रशिक्षण चालू असतानाच तह झाला.

आणि ‘वाचवला’? देश स्वतंत्र राहिला, ते खरंच मोठं होतं. पण फेब्रुवारीत सुम्मा इथे मानरहाइम रेषा, म्हणजे दक्षिणेकडची फिनिश तटबंदी, फुटली आणि युद्ध संपवणाऱ्या मॉस्कोच्या तहात व्हीपुरी शहरासह आग्नेयेचा कारेलिया प्रांत सोव्हिएतांकडे गेला. चार लाखांवर माणसं घरं सोडून निघाली.

या पोस्टखाली उलट टोकाची टिप्पणीही हमखास असते: ‘म्हणजे ते नुसते सहलीला आले होते.’ याचा मला जास्त राग येतो. स्वीडिशांनी मार्कायार्वी सांभाळलं म्हणून तिथल्या फिनिश बटालियन मोकळ्या होऊन दक्षिणेला, कारेलियाच्या संयोगभूमीकडे जाऊ शकल्या. तिथे एकेका बटालियनची वानवा होती. उत्तरेतल्या केमी शहराजवळ तळ ठोकलेली स्वीडिश विमानतुकडी एफ-१९ तर जानेवारीपासूनच लॅपलँडवर उडत होती, तीही बारा ग्लॅडिएटर लढाऊ विमानं आणि मोजक्या हार्ट बाँबर्सच्या जोरावर.

स्वीडिश तुकडीतले तीसेक जण मेले. हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. मोर्चाची अदलाबदल सुरू असताना, १ मार्चला, स्वीडिश लेफ्टनंट कर्नल माग्नुस ड्यूर्सेन मारले गेले. शस्त्रसंधीला बारा दिवस उरले होते.