पाइप म्हटला की गळती आलीच

लोकलमध्ये लॅपटॉप मांडीवर, मुलुंड गेलं तरी टोटल शून्यच. ऑफिस कँटीनची नोंद एवढीच: 'चहा,वडा,चहा,मिसळ'. स्वल्पविरामावर तोडायचं, एकेक नाव घेत फिरणाऱ्या लूपमध्ये प्रत्येकाचा दर लावायचा, बेरीज करायची. पण शेल स्क्रिप्टमध्येच, म्हणजे कमांडच्या साध्या फाइलमध्ये, कारण सर्व्हरवर दुसरं काही टाकायचं नाही असा साहेबांचा हुकूम. (स्वतः साहेब एक्सेल उघडतात.) दरांसाठी असोसिएटिव्ह ॲरे (नावापुढे दर अशी यादी) घ्यावा तर तो बॅशमध्ये, म्हणजे ही स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्ये, आला २००९ला, ४.० मध्ये. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर ३.२, म्हणजे २००६चं बॅश! मग काय, 'हे नाव असेल तर हा दर' असं 'केस' लिहीत बसलो.

शेजारचे काका सुडोकू सोडून माझ्या स्क्रीनमध्ये.

"किती आली?"

"शून्य."

"शून्य कशी? चहा फुकट आहे?"

"लूपच्या आत बरोबर येते काका. बाहेर आलं की शून्य."

"मग मधले पैसे गेले कुठे?"

"खाल्ले असतील कोणीतरी," समोरच्या बाकावरून.

काकांनी चष्मा वर केला. "ही उभी दांडी काय?"

"पाइप. त्यातून नावं लूपमध्ये जातात."

"हां! मग गळती असणार. आमच्या सोसायटीत बी विंगचा पाइप..." पुढे घाटकोपरचा प्लंबर, सेक्रेटरीचा मेहुणा, वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं आणि एजीएममधली हमरीतुमरी. दिवा गेलं. "कल्याणपर्यंत वेळच वेळ आहे," असा दिलासाही दिला.

संताप याचा, की निदान अचूक होतं. बॅश पाइपाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत चालवतं. टोटल तिथे वाढते, तिथेच मरते. एरर नाही, इशारा नाही, काम संपल्यावर मिळणारा एक्झिट कोडही शून्य, म्हणजे सगळं आलबेल! २०११च्या ४.२ मध्ये शेवटचा तुकडा मूळ शेलमध्येच चालवणारा 'लास्टपाइप' नावाचा उतारा दिलाय, तोही मुळात बंद ठेवून. दिलाय कशाला मग?

पाइप उडवला. ओळ कुठे तोडायची ते ठरवणाऱ्या आयएफएसला स्वल्पविराम, 'रीड'ने नावं थेट ॲरेत, साधा फॉर लूप. पंच्याऐंशी.

"ते मी मघाशीच काढलं," काकांनी पेपरची कड दाखवली. "पण दहाला चहा? कुठेय हे कँटीन?"

तेवढ्यात पुढची ओळ अडली. बिस्किटाचा दर कंत्राटदाराने '०८' दिलेला.

"आता काय?"

"आधी शून्य असलं की शेल त्याला अष्टमान पद्धतीतला आकडा समजतं. त्या पद्धतीत आठ हा अंकच नसतो."

"आठच नसतो?"

"नाही."

काकांनी सुडोकूची घडी घातली, रॅकवरची पिशवी काढली आणि डोंबिवलीला उतरून गेले.